मदत हवी आहे: 'एकत्र की विभक्त?' या रकान्यात ऊसतोडीला गेलेले आईबाप कुठे बसवायचे?

एम.एड.चा लघुप्रबंध: कुटुंबाचा प्रकार आणि नववी-दहावीच्या मुलांचं मानसिक स्वास्थ्य. बीड जिल्ह्यातल्या दोन शाळा, १६० मुलं. तयार प्रश्नावलीत 'एकत्र' आणि 'विभक्त' एवढेच रकाने आहेत. इथे दिवाळीच्या आगेमागे आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात, मुलं आजीकडे नाहीतर हंगामी वसतिगृहात. यांना कुठे टाकू? चाचणी कोणती घेऊ? जानेवारीत शाळांत जायचा विचार आहे.
– नवखी_संशोधक

गोदाकाठ: रकाने काढूनच टाका. 'एकत्र की विभक्त' विचारलं की मुलं रेशनकार्ड आठवून सांगतात. कार्डावर चौदा नावं, चुली तीन! जनगणनाही कुटुंब धरते ते एका स्वयंपाकघरावरून. म्हणून विचारा, 'काल रात्री तुमच्या चुलीवरचं कोण कोण जेवलं?' फक्त नाती लिहून घ्या, गट तुम्ही नंतर पाडा: आईवडील दोघं, एकच पालक, आजीआजोबा, वसतिगृह आणि नुसती भावंडं. हा शेवटचा गट हमखास राहून जातो. आईवडील वर्षातून किती महिने बाहेर, हेही घ्या.

आकडेमोड: १६० मुलांचे पाच गट केलेत तर हाती काही लागणार नाही. दोन गटांतला मध्यम फरक पकडायलाही (८०% शक्ती, म्हणजे फरक खरंच असला तर तो सापडण्याची शक्यता; ५% पातळी, म्हणजे नसलेला फरक दिसण्याची शक्यता) प्रत्येकी ६४ लागतात. मुख्य तुलना एकच ठेवा: आईवडील घरी की हंगामात बाहेर. बाकीच्या गटांचं नुसतं वर्णन करा.

चाचणी डब्ल्यूएचओ-५ पुरेल, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक स्वास्थ्याची छोटी प्रश्नावली. पाच विधानं, मागचे दोन आठवडे, प्रत्येकी ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणलं की १०० पैकी. ५० किंवा कमी आले तर त्या मुलाशी बोलायला हवं. तो आजाराचा शिक्का नव्हे. चौथं विधान, झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटण्याचं, वेगळं काढून मुली-मुलगे असं बघा. आई गेल्यावर पहाटेच्या भाकरी मुलीवर आल्या असतील तर गुण तिथेच गळतात, आणि आपण 'कुटुंबप्रकाराचा परिणाम' म्हणून मोकळे होतो.

एकट्या जानेवारीवर मात्र विसंबू नका. ज्यांचे आईवडील जातात ती घरं मुळात जास्त गरीब. फरक दिसला तरी तो गरिबीचा की दुराव्याचा, कळणार नाही. सप्टेंबरात एकदा, जानेवारीत पुन्हा, तीच मुलं, दोन्ही गट. कोणाचे गुण किती घसरले त्याची तुलना करा. दहावी वगळून आठवी-नववी घ्या, नाहीतर सराव परीक्षेचा ताणही त्यातच मोजला जाईल.

नवखी_संशोधक: दोनदा मोजायचं तर नावं लागतील ना? नाव लिहायला लावलं की मुलं खरं लिहित नाहीत.

गोदाकाठ: कागदावर फक्त सांकेतिक क्रमांक. क्रमांक-नावाची यादी तुमच्याकडे, कुलपात; वर्गशिक्षकांना देऊ नका, भरताना ते वर्गातही नकोत. अगदीच निनावी केलंत तर १०० पैकी १२ गुणांचं पोर शोधणार कसं? ते त्याच आठवड्यात समुपदेशकापर्यंत पोचलं पाहिजे, म्हणून माणूस आधीच ठरवून ठेवा. प्रत्येक मुलाच्या हाती टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर असू द्या, चोवीस तास चालतो.

ताई, एक राहिलं. मुलं अठराच्या आतली, म्हणजे मुलाच्या होकारासोबत पालकांची सही हवी. ती सही ऊसतोडीची टोळी गाव सोडायच्या आत घ्या. जानेवारीत सहीला घरी कोणी नसेल.