पीएच कमी केला की दोन दिवसांत परत वर, काय चुकतंय?

पाणमुळं:
नमस्कार मंडळी, घरातच २० लिटरच्या टबमध्ये मातीशिवाय, खत घातलेल्या पाण्यात लेट्यूस आणि बेसिल लावलंय, एअर पंप चोवीस तास चालू असतो. पाणी बोअरचं, टबमध्ये भरलं तेव्हा पीएच ७.८ होता. मी लिंबू पिळून ५.८ वर आणते, दुसऱ्या दिवशी ६.७ आणि तिसऱ्या दिवशी परत ७.५ च्या वर. असं तीन आठवडे चाललंय. आता नवीन पानं पिवळी पडायला लागलीत, शिरा मात्र हिरव्याच आहेत, जुनी पानं ठीक दिसतात. खत कमी पडतंय म्हणून थोडं वाढवलं तरी फरक नाही. मीटर खराब आहे की पाणी? रोज लिंबू पिळायचा कंटाळा नाही हो, पण झाडं हातची जातायत असं वाटतंय आणि बी पेरल्यापासून मी त्यांना रोज बघतेय.

हिरवाकोपरा:
ताई, आधी खत वाढवणं थांबवा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे बहुतेक लोह मिळत नाहीये. ते पाण्यात नाही असं नाही, पीएच ६.५ च्या वर गेला की झाडाला ते उचलता येत नाही. बऱ्याच खतांत लोह ईडीटीए सोबत (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन) बांधलेलं असतं आणि ते बंधन साधारण तिथूनच सुटायला लागतं. त्यामुळे खत कितीही घाला, उपयोग शून्य.
आणि लिंबू बंद करा. लिंबातलं सायट्रिक अॅसिड पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात, ते संपलं की पीएच परत वर. व्हिनेगरचंही तेच. त्याऐवजी फॉस्फोरिक अॅसिडवालं पीएच डाउन (पीएच खाली आणायचं तयार द्रावण) घ्या, ते असं खाल्लं जात नाही.

थेंबेथेंबे:
वरचं बरोबर आहे पण माझ्या मते मूळ कारण लिंबू नाही, पाण्यातलं बायकार्बोनेट आहे. पीएच म्हणजे आत्ता पाणी किती आम्लधर्मी आहे तेवढंच कळतं, त्याला हलवायला किती अॅसिड लागेल ते कळत नाही, ते अल्कलिनिटीवर, म्हणजे पाणी किती अॅसिड पचवू शकतं त्यावर ठरतं, आणि ती मुख्यतः या बायकार्बोनेटमुळे असते. दोन पाण्यांचा पीएच अगदी सारखा ७.८ असू शकतो आणि एकाला दोन थेंब पुरतात तर दुसऱ्याला वीस. तुम्ही अॅसिड घातलं की बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साइड होतो, तो पाण्यात विरघळलेला असेपर्यंत पीएच खाली दिसतो, मग एअर पंप त्याला बाहेर काढतो आणि आकडा वर चढतो. म्हणून पंपवाल्या टबमध्ये हे जास्त जाणवतं, पण पंप बंद करू नका हां, मुळांना हवा लागतेच. शिवाय झाड नायट्रेट उचलतं तेव्हाही पीएच हळूहळू वर जातो, पण एवढ्या वेगाने नाही.

मासे पाळणारे वापरतात ते केएच टेस्ट किट आणा, त्यात अल्कलिनिटी डिग्रीत कळते. एक डिग्री म्हणजे सुमारे १८ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). १०० पीपीएमच्या वर असेल तर हा त्रास होणारच, मग अर्धं आरओचं पाणी मिसळा, अल्कलिनिटी जवळपास अर्धी होते. नुसत्या आरओवर मात्र जाऊ नका, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम वेगळं घालावं लागतं आणि पीएच एका थेंबाने इकडचा तिकडे होतो.

हिरवाकोपरा:
हो हे मी लिहायला हवं होतं, पंपाचा मुद्दा महत्त्वाचा आहे.

रोपवेडा:
मीटरचं कोणी बोललंच नाही. ४ आणि ७ च्या बफरमध्ये (पीएच ठरलेला असतो असं द्रावण) कॅलिब्रेट करून बघा, माझा एकदा ०.६ ने चुकत होता आणि मी महिनाभर झाडांना दोष देत बसलो. टोक कोरडं ठेवू नका, डिस्टिल्ड पाण्यातही नको, स्टोरेज सोल्युशनमध्येच ठेवा.
क्रम पण बघा, आधी खत, नीट ढवळायचं, मग पीएच, कारण खताने स्वतःच पीएच खाली येतो. अॅसिड नेहमी पाण्यात घालायचं, अॅसिडमध्ये पाणी कधीच नाही, हातमोजे चष्मा घालूनच. आणि ५.५ ते ६.५ मध्ये फिरत असेल तर हात लावू नका, रोज ५.८ वर खेचत बसलात तर मुळांना त्याचाच जास्त त्रास.

पाणमुळं:
सगळ्यांचे खूप आभार! मीटर ०.१ नेच चुकत होता. बोअरच्या पाण्याचा केएच १२ आला, म्हणजे २१५ पीपीएमच्या आसपास ना? टब रिकामा करून अर्धं आरओ अर्धं बोअर, खत घालून मग पीएच डाउन, असं केलं. पहिल्या दिवशी ५.८, दुसऱ्या दिवशी ६.३ झाला तेव्हा परत थोडं घातलं, त्यानंतर आज चौथा दिवस, ६.१ आहे. पिवळी पानं तशीच आहेत पण मधून जे नवीन पान निघतंय ते हिरवं वाटतंय.

थेंबेथेंबे:
हो, २१५ च. आता मिसळून १०५-११० राहिलं असेल, म्हणून दुसरा डोस लागला. पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, नवीन पानांवरच लक्ष ठेवा. टबचं पाणी दोन आठवड्यांनी पूर्ण बदला आणि तेव्हा किती मिली पीएच डाउन लागलं ते लिहून ठेवा, पुढच्या वेळी थेट तेवढंच घालता येईल.