बंडलचा आकार वाढला तर मर्ज अडवावा का?

सड्यावरून, रत्नागिरी
आमची पाच जणांची टीम. बागायतदार ज्यावर आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरी घेतात ते वेब ॲप आम्ही सांभाळतो. त्याचा कोड बांधून फोनवर जातो ते बंडल, नवा बदल मुख्य कोडात मिसळणं म्हणजे मर्ज. मार्चमध्ये तारखा दाखवायला कुणीतरी मोमेंट (तारखांची तयार लायब्ररी) घातलं, सगळ्या भाषांच्या फायलींसकट. डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, तीन ओळींचा. दोघांनी रिव्ह्यू केला, त्यात मीही होतो. त्या तीन ओळींमागून किती ओझं येतंय ते डिफमध्ये दिसत नाही. पंधरा दिवसांनी देवगडहून फोन आला, "बागेत उघडतच नाही, ऑर्डर बघायला रस्त्यावर यावं लागतं." मोमेंटच्या टीमनेच २०२० मध्ये सांगितलंय की नव्या प्रकल्पांनी दुसरं काही निवडावं, तरी ते आलं.

माणसाच्या नजरेवर हे सोडू नये. सीआयने (बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेने) प्रत्येक पुल रिक्वेस्टचं, म्हणजे मर्जसाठी मांडलेल्या बदलाचं, बिल्ड करून आकार मोजावा, मर्यादा ओलांडली तर मर्ज बंद. साइझ-लिमिटसारखं साधन एका संध्याकाळीत बसतं. बंडल बांधणारा वेबपॅक आपणहून २४४ केआयबीच्या (१ केआयबी म्हणजे १०२४ बाइट) वर इशारा देतो, पण बिल्डचा लॉग उघडून वाचतं कोण?

खाडीकाठ, मालवण
माका ह्या पटणा नाय. आकडा कमेंटमध्ये दाखवा, अडवू नका. मी आधी होतो तिथे असंच होतं. भर सीझनमध्ये पेमेंटची दुरुस्ती दोन केबीसाठी अडली. मग एकाने मर्यादा १८० ची २०० केली, पुढे २२०. शेवटी ती कुणी मानेना. शिवाय एकूण आकार मोजून काय कळतं? ॲडमिनच्या पानावरची चार्टची लायब्ररी डायनॅमिक इम्पोर्टने, म्हणजे लागेल तेव्हाच, येते, गिऱ्हाइकाच्या फोनवर तिचा एक बाइटही जात नाही. चेक मात्र लाल.

सड्यावरून
दादा, मर्यादा वाढवली तर तीही डिफमध्ये ओळ म्हणून दिसते, कुणाला तरी ती मंजूर करावी लागते. आमच्याकडे मोमेंट आलं तेव्हा मंजूर करायला काही समोरच नव्हतं. चार्टचं म्हणता ते खरं. एकूण मोजू नये, पहिल्या पानाला लागणाऱ्या फायली वेगळ्या मोजाव्यात.

वेंगुर्ल्याहून
तुम्ही दोघं नेमका कुठला आकडा मोजताय? जीझिप केलेला (पाठवण्यासाठी दाबलेला) आकार नेटवर्कचा खर्च सांगतो. लोडॅशसारखी लायब्ररी अख्खी घेतली तर मिनिफाय होऊन (कोडातल्या मोकळ्या जागा वगैरे काढून) ७० केबीच्या आसपास, जीझिपनंतर साधारण २५. पण फोनला वाचावे लागतात ते ७०. तेवढ्याच वजनाचं चित्र फोनला इतकं दमवत नाही, जावास्क्रिप्ट पार्स होऊन चालवावी लागते. लाइटहाउस या पानाचा वेग तपासणाऱ्या साधनाच्या स्लो ४जी चाचणीत वेग १.६ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरतात, म्हणजे २०० केबीला निव्वळ उतरायला एक सेकंद. बागेत एकच काडी रेंज असते तेव्हा तोही वेग नसतो. म्हणून दोन्ही आकडे हवेत.

आणि "प्रत्येक वेळी एक केबी वाढ चालेल" असा नियम करू नका. चाळीस पुल रिक्वेस्टांत चाळीस केबी चढतात आणि लाल एकही होत नाही. मर्यादा एकूण आकड्याला हवी. फरक दाखवायचाच तर शाखा जिथून फुटली त्या कमिटशी (कोडच्या नोंदीशी) ताडून दाखवा, नाहीतर दुसऱ्याने मधे मर्ज केलेलं तुमच्या नावावर पडतं.

खाडीकाठ
दोन आकड्यांचं पटलं. अडवण्याचं अजून नाही. ज्या संध्याकाळी पैसे अडकलेले असतात तेव्हा लाल चेकपुढे थांबायचं का?

सड्यावरून
नाही. हॉटफिक्सचं (तातडीच्या दुरुस्तीचं) लेबल लावलं की चेक फक्त कमेंट करेल, आणि राहिलेल्या केबींचा इश्यू (नंतर करायच्या कामाची नोंद) आपोआप उघडेल.

खाडीकाठ
लेबल लावणार कोण? ज्याने कोड लिहिला तोच लावणार असेल तर महिनाभरात प्रत्येक पुल रिक्वेस्ट हॉटफिक्स होईल.

सड्यावरून
रिव्ह्यू करणारा. लिहिणाऱ्याला तो अधिकार नाही. आजच तसं बसवतो.