विषय: गणपतीतल्या बक्षिसांची पुस्तकं

नमस्कार मंडळी,
गोष्ट-सांगा आणि चित्रकला स्पर्धेच्या बक्षिसांसाठी साठेक इंग्रजी पुस्तकं लागतील. इथे अमेरिकेत ॲमेझॉनवर स्वस्त पडतात आणि दोन दिवसांत घरपोच येतात. कुणाची हरकत नसेल तर रविवारी ऑर्डर टाकतो.
— खजिनदार

---

खजिनदारसाहेब, हरकत आहे!
लायब्ररीसमोरचं मुलांच्या पुस्तकांचं दुकान विसरलात का? दर शनिवारी आपलीच पोरं तिथे फुकटात गोष्टी ऐकायला जाऊन बसतात.

असं एकांडं दुकान टिकतं त्यामागे अमेरिकन बुकसेलर्स असोसिएशन आहे. पुस्तकविक्रेत्यांची १९०० सालची संघटना. मुलांच्या पुस्तकविक्रेत्यांची संघटना पूर्वी वेगळी होती, ती २०११ मध्ये हिच्यात विलीन झाली. काउंटरवर मुलांच्या पुस्तकांच्या शिफारशींचं पत्रक असतं ना, ते हीच संघटना काढते. त्यातली पुस्तकं देशभरचे छोटे दुकानदार स्वतः वाचून सुचवतात. (माझ्या नातवाला त्यातूनच पुस्तकं मिळतात, माझ्या सांगण्यावरून तो काही वाचत नाही.)

आणि ही संघटना नुसती पत्रकं वाटत नाही. साखळी दुकानांना जास्त सवलत देतात म्हणून १९९४ मध्ये तिने पाच प्रकाशकांना कोर्टात खेचलं. पुढे त्यातल्या पेंग्विनला अडीच कोटी डॉलर मोजावे लागले.
— वाचनकट्टा

---

ताई, सगळं मान्य. पण पैसे मंडळाचे आहेत. दुकानात छापील किंमत मोजायची का?
— खजिनदार

---

तसं नाही. दुकानाला पुस्तक साधारण चाळीस-पंचेचाळीस टक्के कमी दराने मिळतं आणि त्यातूनच भाडं, पगार भागतात. ॲमेझॉनइतकं ते उतरणार नाहीत, पण एकदम साठ घेतोय म्हटल्यावर थोडंफार सोडतीलच. आधी विचारा तरी! मंडळाचा एसटी-५ फॉर्म (करमाफीचा दाखला) दिला की सेल्स टॅक्सही लागणार नाही. बाहेरगावच्यांना बुकशॉप डॉट ऑर्ग या पुस्तकविक्रीच्या वेबसाइटवर आपलं दुकान निवडता येईल. तिथे छापील किमतीचे तीस टक्के दुकानाला जातात.
— वाचनकट्टा

---

मधेच बोलतो. आपली मराठी बालपुस्तकं ते ठेवतील का? मागे एका दुकानाने 'बघतो' म्हणून वाटेला लावलं होतं.
— एक बाबा

---

बाबा, अडचण भाषेची नाही. इथल्या प्रकाशकांची न विकली गेलेली पुस्तकं दुकानदार बहुधा परत पाठवू शकतो. पुण्याहून आलेली कुठे परत पाठवणार? त्याचे पैसेच अडकतात. म्हणून पुस्तकं आपण द्यायची, खपतील तेवढ्याचेच पैसे घ्यायचे आणि उरलेली आपण उचलायची, असं बोलून बघा. एक फळी मागा, अख्खं कपाट नको. आणि गोष्टींच्या शनिवारी एकदा मराठी गोष्ट सांगायची तयारी ठेवा.
— वाचनकट्टा

---

ठीक आहे, रविवारची ऑर्डर थांबवतो. ताई, वयोगटानुसार यादी शुक्रवारपर्यंत पाठवा, दुकानाशी मी बोलतो. बाबा, तुम्ही बरोबर चला. फळीचं तुम्हीच बोला.
— खजिनदार