गडचिरोलीत पोस्टिंग, मेसचा डबा आणि व्हीगन आहार, व्हिटॅमिन्स कुठून मिळवू?

सह्याद्री_ते_वैनगंगा
नमस्कार मंडळी. मी मूळची नाशिकची, सध्या गडचिरोली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी बँकेत आहे. वय २७. दोनेक वर्षांपासून पूर्ण व्हीगन, म्हणजे दूध, दही, तूप, मध काहीच नाही. नाशिकला असताना प्रश्न नव्हता, सोया मिल्क, टोफू, पीनट बटर सगळं मिळायचं. इथे एका काकूंकडून डबा येतो, त्या बिचाऱ्या माझ्यासाठी तूप न लावता पोळ्या करतात, पण डब्यात रोज भात, वरण, पोळी आणि एक भाजी, बटाटा नाहीतर वांगं. आठवडी बाजार बरा भरतो, पालेभाज्या मिळतात. माझ्याकडे एक इंडक्शन आणि मिक्सर आहे, बाकी स्वयंपाकघर असं नाही. ऑनलाइन मागवलेलं पार्सल कधी येतं कधी परत जातं.
गेले काही महिने थकवा खूप येतो, संध्याकाळी पायाच्या तळव्यांना मुंग्या येतात, आणि ओठांचे कोपरे सारखे फाटतात. घरचे म्हणतात दूध सुरू कर. मला ते करायचं नाहीये आणि त्यावर वाद नकोय, जे आहे त्यात व्हिटॅमिन्स नीट कशी मिळवायची एवढंच सांगा. कोणी म्हणतं इडली-आंबील खा त्यात बी१२ असतं, कोणी स्पिरुलिना म्हणतं, आमच्या ऑफिसातले एक काका चिमूटभर चुना खा म्हणतात. खरं काय?

माजघर
ताई, पायाला मुंग्या येतायत तर आधी डॉक्टरला दाखवा, बाकी सगळं नंतर.

विनायक_ठाणे
वाद घालत नाही पण मनापासून सांगतो, एवढ्या लांब एकट्या राहता, तब्येतीशी खेळ नको. रोज दोन कप दूध आणि वाटीभर दही घेतलं तर बी१२ चा प्रश्नच येणार नाही. आमच्या घरात तीन पिढ्या शुद्ध शाकाहारी, कोणाला काही झालं नाही.

लॅबवाली_मावशी
विनायकराव, तुमची काळजी समजते पण प्रश्नच येणार नाही हे बरोबर नाही. मी बरीच वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय, दूध पिणाऱ्या शाकाहारी लोकांचे कमी बी१२ चे रिपोर्ट रोज हाताखालून जायचे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला, त्यात जवळजवळ दोन तृतीयांश बायकांमध्ये बी१२ कमी निघालं, आणि त्या काही व्हीगन नव्हत्या. १०० मिली दुधात बी१२ साधारण अर्धा मायक्रोग्रॅम, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला रोज २.२ लागतं, म्हणजे जवळपास अर्धा लिटर दूध पोटात गेलं तर कुठे हिशोब जुळतो. चहातल्या दुधाने काही होत नाही.

आता ताई तुमच्यासाठी. बी१२ हे ना झाड बनवतं ना प्राणी, ते जिवाणू बनवतात. त्यामुळे कुठल्या भाजीत, कुठल्या डाळीत ते सापडेल म्हणून शोधत बसू नका, ते तिथे भरवशाचं नाहीच. इडली, आंबील, कांजी आंबते खरी पण तिथले जिवाणू कामाचं म्हणावं इतकं बी१२ बनवत नाहीत. स्पिरुलिनात जे असतं ते बहुतेक बी१२ सारखं दिसणारं पण आपल्या शरीराला न चालणारं असतं. उलट तोटा असा की माणूस ते खाऊन निश्चिंत होतो. यकृतात बी१२ चा साठा असतो, तो वर्षानुवर्षं पुरतो म्हणून व्हीगन झाल्यावर सुरुवातीला काहीच जाणवत नाही, आणि तुम्ही आधीच शाकाहारी असाल तर साठा मुळात कमी असणार.

तेव्हा क्रम असा ठेवा. पहिलं रक्त द्या, मग गोळी सुरू करा, कारण गोळी घेतल्यावर तपासलं तर आकडा छान येतो आणि आत काय होतं ते कळत नाही. बी१२, व्हिटॅमिन डी, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (लोहाचा साठा) एवढं करा. बी१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली आलं तर कमी आहेच, २०० ते ३०० च्या मध्ये आलं आणि मुंग्या असतील तर डॉक्टर होमोसिस्टीन ही आणखी एक रक्ततपासणी करायला सांगतील. मुंग्या म्हणजे नसांपर्यंत गेलंय असं असू शकतं, तेव्हा बहुतेक इंजेक्शनने सुरुवात करतात. हे लांबवू नका, नसांचं नुकसान फार दिवस राहिलं तर पूर्ण भरून येईलच असं नसतं.

आणि एक, आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळतात त्या लाल गोळ्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या असतात, त्यात बी१२ नसतं. नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं दुखणं मात्र आतून चालूच राहतं. त्या गोळ्या चांगल्याच आहेत, पण बी१२ बघितल्याशिवाय फक्त त्यांच्यावर राहू नका.

सह्याद्री_ते_वैनगंगा
मावशी, खूप खूप धन्यवाद, इतकं स्पष्ट कोणी सांगितलं नव्हतं. शनिवारी चंद्रपूरला जाणार आहे तेव्हा टेस्ट करून घेते आणि तिथेच फिजिशियनला दाखवते. पण पुढे कायमचं काय? आणि गोळ्या व्हीगन असतात का? इथल्या मेडिकलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला सगळ्या शाकाहारीच आहेत.

फार्मसी_काउंटर
मेडिकलवाले आहोत म्हणून लिहितो. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीवर हिरवा ठिपका असायलाच हवा असं नसतं, त्यामुळे काउंटरवरच्या माणसाला खात्रीने सांगता येत नाही. मऊ पारदर्शक कॅप्सूल बहुतेक जिलेटिनच्या असतात, ती टाळा. साधी दाबलेली गोळी मागा, तिच्यातही लॅक्टोज (दुधातली साखर) असू शकतं, ते चालणार नसेल तर कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करून विचारा, उत्तर देतात. सप्लिमेंट म्हणून फूड लायसन्सवर विकलं जाणारं घेतलं तर त्यावर ठिपका असतो, पण हिरव्या ठिपक्यात दूध चालतं हे लक्षात ठेवा, व्हीगनसाठी २०२२ च्या नियमांनी वेगळं हिरव्या व्ही चं चिन्ह आलंय ते बघा.
त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्ट्रिपच्या मागे काय लिहिलंय ते वाचा. मिथाइलकोबालामिन १५०० (बी१२ चाच एक प्रकार, १५०० मायक्रोग्रॅम) सगळीकडे मिळतं, अगदी छोट्या गावात पण, पण त्याच नावाशी मिळतीजुळती कॉम्बिनेशन्स दहा असतात, कशात प्रिगाबालिन असतं, कशात बी६ भरपूर असतं. प्रिगाबालिन हे नसांच्या दुखण्याचं औषध आहे, झोप आणतं, ते डॉक्टरने लिहिल्याशिवाय नको. बी६ जास्त डोसमध्ये महिनोन्महिने घेतलं तर त्यानेच मुंग्या येऊ शकतात. तुम्हाला नुसतं बी१२ पाहिजे.
कायमचं म्हणाल तर ब्रिटनची व्हीगन सोसायटी रोज किमान १० मायक्रोग्रॅम किंवा आठवड्यातून एकदा २००० असं सांगते. एका वेळी शरीर थोडंच शोषतं म्हणून आठवड्याचा आकडा एवढा मोठा दिसतो. तुमच्या गावी आठवड्याचा हिशोब सोपा पडेल, बाजाराचा दिवस ठरवून टाका. पण आधी कमतरता भरून निघू द्या, तो डोस डॉक्टरच ठरवतील.

जवस_आणि_कारळं
मी भंडाऱ्याची. बी१२ चं मावशींनी सांगितलंच आहे, बाकीचं सगळं तुमच्या आठवडी बाजारात आहे, आणि डब्याला हात न लावता होतं. आपल्याकडे जवस मिळतं, तीळ मिळतो, कारळं मिळतं. तीनही वेगवेगळं भाजा, मिक्सरला लाल तिखट, मीठ, लसूण घालून चटणी करा, डब्यातल्या भातावर रोज दोन मोठे चमचे. १०० ग्रॅम तिळात १००० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, वीसेक ग्रॅम पोटात गेले तरी २०० मिलिग्रॅम झाले, फक्त तीळ सालासकट घ्या, पांढरा सोललेला नको. जवसातून ओमेगा-३ मिळतं, पण ते दळूनच, अख्खं जवस तसंच बाहेर पडतं. चटणी थोडी थोडी करा, फार दिवस ठेवली की जवस खवट होतं.
पालेभाजीत पालकाच्या मागे लागू नका, त्यातलं कॅल्शियम ऑक्सॅलेट नावाच्या घटकामुळे अंगाला फारसं लागत नाही. मेथी, शेवग्याचा पाला हे घ्या. शेवग्याचा पाला विकत पण घ्यायची गरज नाही, कोणाच्याही परसात असतो, काकूंना सांगा वरणात मूठभर टाका म्हणून, त्या नाही म्हणणार नाहीत. नाचणीचं पीठ मिळालं तर सोन्याहून पिवळं, इंडक्शनवर पाण्यात आंबील दहा मिनिटांत होते, १०० ग्रॅम पिठात ३५० च्या आसपास कॅल्शियम.
चुना अजिबात नको. चिमूट म्हणजे किती ते कोणाला माहीत नसतं आणि तोंड, घसा पोळतो.
ओठांचे कोपरे फाटतात त्यात बी२ पण बघा. आपल्याकडे बी२ बरचसं दुधातून येतं, ते बंद केलं की कमी पडतं. मटकी-मूग मोड आणून खा, हिरवा पाला, बदाम, सोयाबीन. मोड आणल्याने लोह आणि झिंक पण जास्त लागतं अंगाला. आणि जेवणाबरोबर लिंबू पिळा, चहा मात्र जेवणाला लागून नको, तासभर अंतर ठेवा, चहाने लोह अडतं. बायकांना रोज २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय आयसीएमआरने, बटाट्याच्या भाजीवर ते होत नाही.
मीठ कुठलं वापरता? हल्ली सगळे सैंधव वापरतात, त्यात आयोडीन घातलेलं नसतं. दूध-मासे नसलेल्या माणसाने साधं आयोडीनचंच मीठ खावं.

विनायक_ठाणे
मावशी, अर्धा लिटरचा हिशोब मी कधी केलाच नव्हता. आईचं वय ७४, शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू आहे, पायाची जळजळ म्हणते. तिचंही तपासून घेऊ का?

लॅबवाली_मावशी
नक्की घ्या. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की बी१२ कमी होतं, आणि जळजळ शुगरची समजून तसंच राहून जातं. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगून तपासा.

रेशनचं_पोतं
इथे रेशनच्या तांदळाचं कोणी बोललं नाही. त्या तांदळात जे पांढरट, वेगळे दिसणारे दाणे असतात ते प्लॅस्टिक नाही, फोर्टिफाइड दाणे आहेत, लोह, फॉलिक ॲसिड आणि बी१२ घातलेले. आमच्याकडे बायका निवडून फेकतात, बघवत नाही. पण ताई त्यावर बी१२ चा भरवसा ठेवू नका, मानक किलोमागे ०.७५ ते १.२५ मायक्रोग्रॅम आहे, दिवसाला २०० ग्रॅम तांदळातून जास्तीत जास्त पाव मायक्रोग्रॅम मिळतं. गोळी हवीच.

सह्याद्री_ते_वैनगंगा
काकू रेशनचाच तांदूळ वापरतात, त्यांना दाणे टाकू नका म्हणून आजच सांगते. डी चं राहिलं. दिवसभर बँकेत आत, ऊन भरपूर पण बाहेरच.

फार्मसी_काउंटर
दुपारी जेवणाच्या सुट्टीत, अकरा ते दोनच्या मध्ये, हात आणि चेहरा उघडा ठेवून थोडा वेळ बाहेर उभ्या राहा, सकाळी सातचं कोवळं ऊन डी साठी फारसं कामाचं नाही. रिपोर्टमध्ये कमी आलं तर साधारण ६०००० युनिटचं पाकीट आठवड्याला एक असं देतात, ते डी३ मेंढीच्या लोकरीच्या तेलातून काढलेलं असतं. व्हीगन हवं तर डी२ किंवा लायकेनपासूनचं (दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीसारख्या जीवापासूनचं) डी३ असं लिहिलेलं बघा, ते चंद्रपूर-नागपूरलाच मिळेल, एकदम तीन महिन्यांचं आणून ठेवा. ६०००० वालं मनाने घेत राहू नका, हे जास्त झालं की रक्तात कॅल्शियम वाढतं.

कोकणकन्या_८९
मध्येच विचारते, मी पण व्हीगन, पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे. डॉक्टरांनी आत्तापासून फॉलिक ॲसिड सांगितलंय, बी१२ चं काही बोलल्या नाहीत.

लॅबवाली_मावशी
तुम्ही स्वतःहून बोला. मी व्हीगन आहे हे त्यांना पहिल्या वाक्यात सांगा, पुष्कळदा पेशंट सांगतच नाहीत. वर पुण्याच्या ज्या अभ्यासाचं लिहिलं त्यात हेही दिसलं की गरोदरपणात ज्या आयांचं फोलेट (फॉलिक ॲसिड ज्याचं रूप आहे ते व्हिटॅमिन) जास्त आणि बी१२ कमी होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिन रेझिस्टन्स, म्हणजे इन्शुलिन नीट लागू न पडणं, सगळ्यात जास्त होता. फॉलिक ॲसिड बंद करायचं नाही, बाळाच्या मणक्यासाठी ते लागतंच, त्याच्या जोडीला बी१२ हवं. दिवस राहायची वाट न बघता आत्ताच तपासा, कमी असेल तर भरून काढायला हातात वेळ मिळतो. आणि बाळ अंगावर पीत असेपर्यंत गोळी चुकवायची नाही, आईकडे नसेल तर दुधातून बाळाला मिळणार नाही.