मदत हवी आहे: एसव्हीजीतला फॉन्ट दुसऱ्या मशीनवर बदलतो

रेघोट्या
एक तक्ता एसव्हीजीत (झूम केलं तरी न फाटणारा चित्राचा फॉरमॅट) केलाय. माझ्याकडे व्यवस्थित दिसतो, दुसरीकडे उघडला की अक्षरं बदलतात आणि मजकूर चौकटीबाहेर जातो. फॉन्ट फाइलमध्येच घालता येतो म्हणे. कसा? उद्या द्यायचाय. 'गूगल करा' नको, करून झालंय.

काना_मात्रा
केलाय कशात? दुसरीकडे म्हणजे ब्राउझरमध्ये की आणखी कशात? फॉन्ट कोणता? काहीच न सांगता कोण काय सांगणार?

जुना_खिळा
एवढं काय त्यात! सगळं सिलेक्ट करा, पाथ मेनूत जाऊन 'ऑब्जेक्ट टू पाथ'. अक्षरांचे नुसते आकार उरले की फॉन्टची भानगडच मिटली. छपाईला जाणारी प्रत्येक फाइल मी अशीच देतो.

काना_मात्रा
आणि एखादी वेलांटी चुकलेली निघाली की? मजकूर शोधता येत नाही, कॉपी होत नाही, स्क्रीन रीडरला तिथे वाचायला काही उरत नाही. छपाईपुरतं ठीक आहे, सरसकट सल्ला देऊ नका.

जुना_खिळा
मूळ फाइल फेकून द्या असं कुणी म्हटलं? पाथ कॉपीवर करायचे असतात, हेही सांगायचं का आता?

निळी_शाई
पीएनजी करा ना ३०० डीपीआयला. कुठेही उघडतं.

रेघोट्या
पीएनजी नको, झूम केलं की फाटतं. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये केलाय, फॉन्ट मुक्ता. वेबपेजवर लावायचाय.

अर्धविराम
इमेज टॅगने लावणार असाल तर एसव्हीजी बाहेरची कुठलीच फाइल उचलत नाही, त्यामुळे आत गूगल फॉन्ट्सची लिंक देऊन उपयोग नाही. अख्खा फॉन्टच आत हवा. मुक्ताची वॉफ२ (वेबसाठीची फॉन्ट फाइल) बेस६४ करा, म्हणजे साध्या अक्षरांच्या मजकुरात बदला. मग एसव्हीजीतच स्टाइल टॅग घालून त्यात फॉन्ट-फेसचा नियम लिहा आणि सोर्सच्या जागी ते बेस६४ डेटा यूआरआय म्हणून (पत्त्याऐवजी फाइलच तिथे) चिकटवा. तिथलं फॅमिलीचं नाव आणि मजकुराला दिलेलं नाव एकच पाहिजे.

बेस६४ने आकार साधारण एक तृतीयांश वाढतो, म्हणून आधी सबसेट करा, म्हणजे लागतात तेवढीच अक्षरं ठेवा. फॉन्टटूल्स या फॉन्ट हाताळायच्या साधनसंचात पायएफटीसबसेट आहे, त्याला तक्त्यातला मजकूर टेक्स्ट फाइल करून द्या. मजकुराला लागणारे जोडाक्षरांचे ग्लिफ (आकार) ते स्वतःच ठेवतं. मुक्ता ओएफएल या मुक्त लायसन्सखाली आहे, एम्बेड करायला आडकाठी नाही. विकतच्या फॉन्टचं लायसन्स मात्र आधी वाचावं लागतं.

टाकबोरू
इतका खटाटोप कशाला? एसव्हीजीत फॉन्ट टॅग असतो की, ग्लिफ तिथेच लिहायचे.

अर्धविराम
तो एसव्हीजी १.१ मधला. फायरफॉक्सने कधी घेतलाच नाही, क्रोमने २०१४ मध्ये काढून टाकला, एसव्हीजी २ मधूनही गेला. मेलेल्या घोड्यावर खोगीर कशाला?

निळी_शाई
अवांतर: आमच्याकडे जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या ढीगभर फाइली पडल्यात. चांगला कन्व्हर्टर आहे का कुणाकडे?

काना_मात्रा
वेगळा धागा काढा हो.

रेघोट्या
ब्राउझरमध्ये जमलं! पण 'दुसऱ्या'मधला तो र भलत्याच फॉन्टचा दिसतोय. आणि सहकाऱ्याच्या इंकस्केपमध्ये अजून जैसे थे.

अर्धविराम
सहकारी आत्ता उगवला होय! इंकस्केप फाइलमधला फॉन्ट-फेस बघतच नाही, मशीनवर बसवलेलाच फॉन्ट घेतं. त्याला मुक्ताची टीटीएफ पाठवून द्या, किंवा नुसतं बघायचं असेल तर पीडीएफ.

र-चं: सबसेटची टेक्स्ट फाइल हाताने टाइप केलीत का? हा र दोन तऱ्हांनी येतो. एकात ऱ हे वेगळंच अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडणारं चिन्ह, झेडडब्ल्यूजे. तक्त्यात एक तऱ्हा आणि टेक्स्ट फाइलमध्ये दुसरी असेल तर ऱ सबसेटमध्ये आलाच नसणार, मग ब्राउझर तो दुसऱ्या फॉन्टमधून उचलतो. सरळ एसव्हीजी फाइलच टेक्स्ट फाइल म्हणून द्या. टॅगांमधली रोमन अक्षरं जादा येतील, येऊ देत.

जुना_खिळा
पाथ केले असते तर एव्हाना जेवून झोपला असतात.

रेघोट्या
र आला! आता फक्त मथळा. बोल्ड आहे, पण फुगल्यासारखा दिसतोय.

अर्धविराम
बोल्डची फाइल वेगळी असते. तिचाही सबसेट करा आणि दुसरा फॉन्ट-फेस लिहा, फॉन्ट-वेट ७००. ती नसली की ब्राउझर रेग्युलरलाच ओढूनताणून जाड करतो.