अनुभव धागा: स्वस्तातली म्यूस्कादे आणि तुम्ही

रविवारी रत्नागिरीच्या घरी आईने कालवांवर लिंबू पिळले आणि त्या वासासरशी मला फ्रान्सच्या नांत शहरातले विद्यार्थीदशेतले पहिले वर्ष आठवले. दुकानातल्या सर्वांत खालच्या फळीवरची, पाच युरोंच्या आतली, म्यूस्कादे या तिथल्या पांढऱ्या वाईनची बाटली मी केवळ नावावरून, ‘मुस्का’ या सुगंधी द्राक्षाची गोड वाईन असेल असे समजून उचलली होती. पहिल्याच घोटाला तोंड वाकडे झाले, कारण ती ठणठणीत कोरडी, म्हणजे अजिबात गोड नसलेली, आणि आंबट निघाली आणि जिभेला बारीकशी चुणचुणही लागली. उरलेली मी रश्श्यात ओतणार होते. पण घरमालकीणबाईंनी डझनभर कालवे फोडून समोर ठेवली आणि तीच वाईन पुन्हा प्यायला लावली, तेव्हा मघाचा आंबटपणा लिंबाच्या फोडीचे काम करू लागला. तुमचेही असेच अनुभव असतील तर जरूर लिहावेत.

भटका कावळा: ती चुणचुण साक्याची देणगी आहे. नांतजवळच्या सेव्र आणि मेन नद्यांच्या पट्ट्यात मी एका सप्टेंबरात द्राक्षतोडणीला गेलो होतो, तेव्हा मळेवाल्याने तळघरात नेऊन दाखवले होते की आंबवण संपल्यावरही वाईन गाळून न घेता मेलेल्या यीस्टच्या साक्यावर हिवाळाभर तशीच ठेवतात आणि मार्च उजाडल्यावर थेट बाटलीत भरतात. लेबलावर ‘स्युर ली’ लिहिलेले असते ते याचसाठी. म्यूस्कादेचे मूळचे द्राक्ष मेलों द बुर्गोन्य तसे मिळमिळीत. 1709 च्या भीषण थंडीने तिथल्या वेली मारल्या, त्यानंतर थंडी सोसणारे म्हणून त्याची लागवड वाढली. तेव्हा त्याला चव कमावून देतो तो साकाच, असे माझे मत झाले आहे.

दुपारची झोप: आमच्याकडे साका म्हटले की ताकाचे भांडे घासणे एवढेच आठवते.

वेलमांडव: मी नाशिकचा असल्यामुळे नांतवरून वाहणाऱ्या ल्वार नदीशी माझे नाते शेनां ब्लांमुळे जुळले, कारण आमच्याकडे रुजलेले ते द्राक्ष त्याच नदीकाठचे आहे, फक्त नांतपेक्षा बरेच वरच्या अंगाचे. म्यूस्कादे मात्र एका मित्राने सामानातून आणली तेव्हाच चाखली. आयात शुल्क भरून इथे घेतली, तर तिचा स्वस्तपणाच उरत नाही.

उंबरठा: मी पुण्यात ती ‘जुनी झाली की मुरेल’ म्हणून माळ्यावर तीन उन्हाळे ठेवली. बूच काढल्यावर जे निघाले त्याला वाईन म्हणवत नाही, आणि सासूबाईंनी ते व्हिनेगर म्हणूनही नाकारले.

धागाकर्ती: उंबरठा, माळा तर कोणत्याच वाईनला मानवणार नाही. साधी म्यूस्कादे ताजीच संपवावी. क्लिसों किंवा गोर्ज या गावांच्या नावाने येणारी मात्र साक्यावर जास्त काळ राहते आणि पुढे काही वर्षे टिकते, पण तिला पैसेही अधिक मोजावे लागतात.

दुपारची झोप: आम्ही शाकाहारी आहोत. कालवांऐवजी काय घ्यावे?

भटका कावळा: बकरीचे ताजे चीज घ्यावे, वर मीठ भुरभुरावे. मी खारे शेंगदाणेही चालवले आहेत, पण हे नांतमध्ये कोणाला सांगू नये.