मेडिकलवर काम करतो, ‘सर्टिफाइड फार्मसी टेक्निशियन’ कोर्स करू का? (नागपूर)

काउंटरवरचा_पोट्टा
नमस्कार मंडळी. मी नंदनवन साइडला एका मेडिकलवर चार-पाच वर्षं झाली काम करून राहिलो. बारावी सायन्स आहे, पुढचं घरच्या भानगडीत राहून गेलं. गोळ्या काढणं, बिल मारणं, एक्सपायरीचा माल वेगळा करणं, दवा बाजारातून माल आणणं सगळं जमते, डॉक्टरचं अक्षर तर मालकापेक्षा मलेच जास्त लागते. पण कागदावर मी कोणीच नाही. आता एका क्लासवाल्याचा फोन आला, सहा महिन्याचा ऑनलाइन कोर्स, ‘सर्टिफाइड फार्मसी टेक्निशियन’, फी ३५ हजार, म्हणे सर्टिफिकेट इंटरनॅशनल आहे, इथं पण चालते अमेरिकेत पण चालते आणि त्यावर स्वतःचं मेडिकल टाकता येते. रविवारपर्यंत भरले तर पाच हजार कमी. मामेबहिणीची नणंद अमेरिकेत हेच काम करते असं ऐकलं म्हणून थोडं खरं पण वाटून राहिलं. डी.फार्म म्हणजे फार्मसीचा डिप्लोमा करायचं तर दोन वर्षं नोकरी सोडा लागते म्हणून हे विचारतो. कोणी केलंय का?

सावजी_रस्सा
रविवारपर्यंत भरले तर पाच हजार कमी, इथंच समजून जा नं बाप्पा 😄

धंतोली_नाइट_ड्युटी
भाऊ पैसे भरू नको, आधी वाच. मी डी.फार्म आहे, हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करतो. आपल्याकडे प्रिस्क्रिप्शनवर औषध द्यायचा अधिकार फक्त रजिस्टर्ड फार्मासिस्टला आहे, फार्मसी ॲक्ट १९४८ चं कलम ४२. बाकी कोणी दिलं तर ते त्याच्या देखरेखीखाली, म्हणजे तो तिथं हजर पाहिजे. टेक्निशियन म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन स्टेट फार्मसी कौन्सिल, म्हणजे फार्मासिस्टची नोंदणी करणारी संस्था, देतच नाही, त्यामुळे ते सर्टिफिकेट किती का इंटरनॅशनल असेना, त्यावर रिटेलचं लायसन निघणार नाही. सरकारी स्किलवाले फार्मसी असिस्टंटचे छोटे कोर्स असतात, ते मदतनीस म्हणून कामाला लागायला ठीक, पण तुला जे येतं त्यापेक्षा जास्त त्यात काही नाही, ३५ हजार तर बिलकुलच नाही.

रस्ता एकच, डी.फार्म नाहीतर बी.फार्म. डी.फार्म म्हणजे दोन वर्षं कॉलेज, परीक्षा एमएसबीटीईची, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची, त्यानंतर ५०० तासांची प्रॅक्टिकल ट्रेनिंग, ती तीन महिन्यापेक्षा कमी दिवसांत उरकता येत नाही आणि त्यातले निदान २५० तास प्रत्यक्ष प्रिस्क्रिप्शनची औषधं देण्यात गेले पाहिजेत. आणि आता एक्झिट एक्झाम पण आलीये, २०२२ चे रेग्युलेशन, पहिली परीक्षा ऑक्टोबर २०२४ मध्ये झाली. तीन पेपर, प्रत्येकात ५० टक्के, आणि तिन्ही एकाच अटेम्प्टमध्ये काढा लागतात. अटेम्प्ट कितीही द्या. ते झालं की मग महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिलला रजिस्ट्रेशन. लांब आहे, मान्य. पण जिल्हा परिषदेची औषध निर्माण अधिकारीची भरती असो की रेल्वेची फार्मासिस्टची, सगळीकडे हेच मागतात.

आणि एक विचारतो, तुमच्या मेडिकलवर फार्मासिस्ट बसतो का?

काउंटरवरचा_पोट्टा
सर्टिफिकेट भिंतीवर बसलेलं आहे दादा. माणूस महिन्यातून एकदा येते, पैसे घेते, चहा पिते, सह्या मारते, जाते.

धंतोली_नाइट_ड्युटी
वाटलंच होतं. मग नीट ऐक. इन्स्पेक्टर आला की दुकानाचं लायसन मालकाचं अन् रजिस्ट्रेशन त्या सह्या मारणाऱ्याचं अडकतं ते तर आहेच, पण काउंटरवर हातात प्रिस्क्रिप्शन घेऊन उभा कोण असते, तू. निदान शेड्यूल एच वनच्या औषधांपासून लांब राहा, ते भारी अँटिबायोटिक, टीबीची औषधं वगैरे, त्याचं वेगळं रजिस्टर असतं, डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं, आणि ते तीन वर्षं सांभाळून ठेवा लागतं. त्यात तुझ्या अक्षरात एंट्री अन् दुसऱ्याची सही असं नको होऊ देऊ.

टेक्सासची_ताई
मी मूळ प्रतापनगरची, आता टेक्सासमध्ये फार्मसी टेक्निशियनच आहे म्हणून लिहिते. इकडे हे खरंच वेगळं आणि रीतसर काम आहे, क्लासवाल्याने पूर्ण खोटं नाही सांगितलं, अर्धं खरं सांगितलं, आणि ते जास्त वाईट. इकडे सर्टिफिकेशन देणाऱ्या मुख्य दोन संस्था, पीटीसीबी आणि एनएचए. पीटीसीबी १९९५ पासून आहे. मी त्यांचीच परीक्षा दिली, ९० प्रश्न, एक तास पन्नास मिनिटं, स्कोअर १००० ते १६०० मध्ये येतो आणि पासिंगला १४०० लागतात, फी १२९ डॉलर. म्हणजे खुद्द परीक्षेची फी तुमच्या त्या कोर्सच्या फीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. त्यांनी मान्य केलेला कोर्स किंवा ५०० तासांचा कामाचा अनुभव, दोन्हीपैकी एक दाखवावं लागतं, कुठल्याही क्लासचं सर्टिफिकेट चालत नाही. तेव्हा त्या क्लासवाल्याला एवढंच विचारा की तुमचा कोर्स पीटीसीबीच्या यादीत आहे का, तो यादी दाखवतो की विषय बदलतो ते बघा.

शिवाय प्रत्येक स्टेटचा नियम वेगळा. टेक्सासमध्ये आधी ट्रेनी म्हणून रजिस्टर व्हायचं, ते दोनच वर्षांसाठी असतं आणि रिन्यू होत नाही, तेवढ्यात सर्टिफाइड व्हायचं. नंतर पीटीसीबीचं सर्टिफिकेट दर दोन वर्षांनी २० तासांचं शिक्षण दाखवून रिन्यू करायचं. काम म्हणाल तर आपल्यासारखी स्ट्रिप कापून नाही देत, बहुतेक गोळ्या मोठ्या डब्यातून ट्रेमध्ये पाच-पाच करून मोजायच्या, छोट्या डबीत भरायच्या, लेबल लावायचं, आणि दिवसाचा निम्मा वेळ इन्शुरन्सचं भांडण. शेवटचं चेकिंग आणि पेशंटला समजावणं फार्मासिस्टचंच, आपण ‘जेवणानंतर घ्या हं’ एवढं सांगायला गेलो तरी पंचाईत. नावं पण नव्याने पाठ करावी लागतात, आपलं पॅरासिटामॉल इकडे ॲसिटामिनोफेन, साल्ब्युटामॉल इकडे अल्ब्युटेरॉल.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, सर्टिफिकेट म्हणजे व्हिसा नाही. त्या तुमच्या बहिणीच्या नणंदेकडे तिकडे काम करायची परवानगी आधीपासून असणार. माझ्यासोबत बी.फार्म झालेल्या दोघी आहेत, त्यांनाही इकडे फार्मासिस्टची परीक्षा देता येत नाही कारण २००३ नंतर पास झालेल्यांना पाच वर्षांची डिग्री लागते आणि आपलं बी.फार्म चार वर्षांचं. म्हणून त्या टेक्निशियन आहेत. नागपूरहून याच कामासाठी कोणी विमानात बसवून आणेल हे डोक्यातून काढा.

गंजीपेठ_होलसेल
सगळे डी.फार्म डी.फार्म करून राहिले, बरोबरच आहे, पण या पोराच्या हातात एक गोष्ट आहे ती कोणी सांगितलीच नाही. रिटेलला फार्मासिस्ट लागतोच, पण होलसेलच्या लायसनला, म्हणजे २०बी-२१बी ला, फार्मासिस्टच पाहिजे असं नाही. ड्रग्ज रूल्सच्या नियम ६४ प्रमाणे दहावी पास आणि औषधांच्या विक्रीतला चार वर्षांचा अनुभव असला तरी तो माणूस कॉम्पिटंट पर्सन, म्हणजे लायसनसाठी दाखवायचा जाणकार माणूस, म्हणून चालतो, ग्रॅज्युएट असेल तर एकच वर्ष. तुझे चार-पाच वर्षं झाले नं? मग अनुभवाचं मालकाकडून लेखी घे, आजच घे, भांडण व्हायच्या आधी घे, आणि पगार हातात रोख घेत असशील तर खात्यात घ्यायला लाग म्हणजे पुरावा राहील. आमच्या लाइनमध्ये असा माणूस कामाचा असतो, नाहीतर तू पण माल उचलणाराच राहशील. स्वतःचं टाकायचं तर जागा, भांडवल, उधारी, हे वेगळं, उधारीनं भले भले गेले. पण ३५ हजार क्लासवाल्याला देण्यापेक्षा हा कागद फुकट आहे.

काउंटरवरचा_पोट्टा
हे तर माहीतच नव्हतं काका. मालक लिहून देईल की नाही शंका आहे, फार्मासिस्टचा विषय निघाला की तोंड फिरवते. विचारून पाहतो.
ताई, क्लासवाल्याला यादीचं विचारलं. म्हणे ‘सर आमचं त्यांच्याहून मोठं आहे’. नंतर फोनच उचलला नाही 😂
दादा, डी.फार्म संध्याकाळचं किंवा बाहेरून नाही होत का? आणि माझं बारावीला बायो नव्हतं, मॅथ होतं.

धंतोली_नाइट_ड्युटी
बाहेरून नाही, करस्पॉन्डन्सवालं डी.फार्म फार्मसी कौन्सिल मानतच नाही, ७५ टक्के हजेरी लागते. कोणी म्हणालं की कॉलेजला येऊ नका, फक्त परीक्षेला या, तर तिथून पळ. कॉलेज घ्यायच्या आधी पीसीआयच्या (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या) साइटवर नाव तपास. फिजिक्स केमिस्ट्रीसोबत मॅथ चालते, सीईटी लागत नाही, बारावीच्या मार्कावर कॅप राउंड, म्हणजे सरकारी प्रवेश फेरी असते. तिकडूनच घे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलं की महाडीबीटीची स्कॉलरशिप जाते. कास्ट, इन्कम, नॉन-क्रिमीलेअर जे लागू असेल ते आत्ताच काढून ठेव, जूनमध्ये सेतूवर लाइन असते. नोकरीचं म्हणशील तर आमच्या बॅचला तिघं जण दिवसा कॉलेज अन् संध्याकाळी सात ते अकरा मेडिकलवर होते. झोपायचे लेक्चरमध्ये, पण झाले पास.

सावजी_रस्सा
रात्री अकरापर्यंत उघडं असणारं मेडिकल पाहिजे असेल तर मेडिकल चौकात विचार, तिथं संध्याकाळच्या शिफ्टला पोट्टे लागतच असतात.